सात नंबरचा रुपया

२६ ऑक्टोबर, रविवार

आज मला शून्य मिळालं. वयाच्या बासष्टाव्या वर्षी, चारचौघांत आणि तेही माझ्याच एका विद्यार्थ्याच्या हातून.

झालं ते असं. अशोक स्तंभापाशी एका हॉलमध्ये नाणी जमवणाऱ्या लोकांच्या मंडळाची दर महिन्याला सभा भरते. पेपरात बारीक अक्षरात आलं होतं, आपली जुनी नाणी आणा, श्रेणी लावून देऊ. मी सासूबाईंनी दिलेले लक्ष्मीपूजनाचे चांदीचे रुपये रेशमी पिशवीत घालून नेले. दिवाळी आत्ताच झालेली, त्यामुळे नुकतेच घासलेले. एकेका रुपयात तोंड पाहून घ्यावं असे. वाटलं, आता सगळे तोंडात बोटं घालतील.

टेबलापाशी ललित बसला होता. दहावी ब. मी त्याला मराठीत चौतीस दिले होते आणि बरोबरच दिले होते. आता त्याचं मेन रोडला चष्म्याचं दुकान आहे, मंडळाचा सचिवही तोच. उठून पाया पडला. मग भिंग डोळ्याला लावून एकेक रुपया कडेने धरून दिव्याखाली तिरका केला. त्याचा चेहरा पडत गेला.

"बाई, धुतलेत का हे?"

"धुतलेत म्हणजे? दर दिवाळीला धुते. चिंच, मीठ, वरून रांगोळीचा हात. तीस वर्षं चालू आहे."

मागे कोणीतरी चक्क "अरेरे" म्हणालं. शेजारच्या खुर्चीत मंडळाचे अध्यक्ष होते, धोंडीराम अण्णा, मनमाडला रेल्वेत होते म्हणे, आता ऐंशीच्या घरात असतील. ते इतका वेळ डुलकी घेत होते. त्यांनी मान वर केली आणि माझ्या हाताकडे पाहिलं.

"कोणत्या बोटाने घासता?"

मला वाटलं, थट्टा करतात. मीही ठणकावून सांगितलं, "अंगठ्याने. आणखी कशाने घासतात?" ते नुसते "हं" म्हणाले.

मग ललितने प्रत्येक रुपयाला चिठ्ठी लावली. सगळ्यांवर एकच मजकूर. 'धुतलेलं. श्रेणी नाही.' नापासही नाही, श्रेणीच नाही. जसं काही मी परीक्षेला बसलेच नव्हते.

२७ ऑक्टोबर, सोमवार

रात्रभर अंगाचा तिळपापड. सकाळी संतोष पहिल्या पाळीला जाताना हसत म्हणाला, "आई, तुला कोणी शून्य दिलं, त्याचा फोटो पाहिजे मला." पोटचा पोरगा असून असा.

आरोहीला म्हटलं, तुझा एक रुपया नेलाच नव्हता, नशीब. लग्नात तिच्या आजीने ओटीत घातलेला रुपया या दिवाळीला मी पहिल्यांदा ताटात ठेवायला सांगितला होता. तर सूनबाईंनी वरची बाजू घासली आणि खालची काळपट तशीच. विचारलं तर म्हणे, "त्या बाजूला आजीचा हात लागलाय, राहू दे ना." याला म्हणतात कामचुकारपणा आणि वर त्याला गोड कारण. तो रुपया मी वेगळा काढून ठेवलाय.

चौकशी केली. मंडळाची दर वर्षी जानेवारीत परीक्षा असते. दहा नाणी मांडतात, तुम्ही श्रेणी लिहायची. बरोबर उत्तरं फक्त अण्णांना ठाऊक. जो पहिला येतो तो वर्षभर अण्णांच्या शेजारी परीक्षक म्हणून बसतो.

त्या खुर्चीत मला बसायचंय. बसणारच. पस्तीस वर्षं मी उत्तरपत्रिका तपासल्या, आता या वयात 'श्रेणी नाही' हा शेरा घेऊन मी मरणार नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

ललितच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक नसताना तो शिकवतो. फी विचारली तर म्हणाला, "बाई, लाजवू नका." चौतीस मार्कांचं ओझं असणार मनावर.

मुळात गोष्ट सोपी आहे. टांकसाळीतून आलं तसंच्या तसं, कोणाच्या हातात न फिरलेलं नाणं ते यूएनसी. म्हणजे आपलं विशेष प्रावीण्य. त्याखाली ईएफ, मग व्हीएफ, मग फाइन. झीज आधी उंच भागावर येते. राणीछाप रुपयात राणीचा गाल आणि कानावरचे केस आधी जातात, मुकुटाची नक्षी मागोमाग. केस मोजता आले तर वरची श्रेणी, नुसता अंबाडा दिसला तर खालची. नाणं कडेनेच धरायचं, बोट पोटावर टेकवायचं नाही.

अक्षराच्या वळणाला मार्क देण्यात माझा जन्म गेला. झीज मला पहिल्याच दिवशी दिसायला लागली. ललित म्हणाला, "बाई, मला हे कळायला दोन वर्षं लागली." लागणारच.

९ नोव्हेंबर, रविवार

आता सवयच लागली. सातपूरच्या बाजारात सुलाबाई भाजीवालीने सुटे दिले, तर मी पाचाचं नाणं तिरकं करून पाहत बसले. ती म्हणाली, "आजी, खोटं नाय ते, घ्या की." मी म्हटलं, खोटं नाही गं, व्हीएफ आहे. तिने कोथिंबिरीची जुडी जास्तीची घातली. मला काहीतरी झालंय असं वाटलं असावं.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज रडू येईल असं झालं, आणि इथे लिहायला लाज कसली.

झीज ओळखणं वेगळं आणि धुतलेलं ओळखणं वेगळं. ललितने दोन रुपये पुढे ठेवले. एक अस्सल यूएनसी, एक धुतलेला. म्हणाला, अस्सल नाणं हळू फिरवलं की त्यावरचा उजेड सायकलच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. धुतलेल्यावर फिरत नाही, एका जागी बसतो. मी फिरवले, तिरके केले, खिडकीपाशी नेले, दिव्याखाली नेले. दोन्ही सारखेच. दोन्ही छान. उलट धुतलेलाच मला जास्त आवडला.

ललित म्हणाला, येईल हळूहळू. त्याच्या आवाजात तीच दया होती, जी मी ढ पोरांशी बोलताना वापरायची. तेव्हा मला वाटायचं, पोरांना ती कळत नाही.

तीस वर्षं ज्या चकाकीला मी स्वच्छ म्हणत आले, तीच खराबी आहे, हे डोळ्याला सांगायचं कसं? घरी येऊन न जेवता पडून राहिले. आरोही दार लोटून विचारून गेली. मी झोपेचं सोंग घेतलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दिसलं.

सकाळी उठले तर टेबलावर माझ्या भिंगाशेजारी आरोहीचा तो अर्धवट घासलेला रुपया. ती ऑफिसला जाताना विसरली असेल, वस्तू जागच्या जागी ठेवायची सवयच नाही तिला. कपाटात ठेवायला उचलला आणि सहज खिडकीपाशी तिरका केला.

घासलेली बाजू पांढरीफटक, घासलेल्या स्टीलच्या ताटासारखी. उजेड एकाच जागी गोळा झालेला. मग उलटा केला. न घासलेल्या बाजूला कडेला निळसर-तांबूस छटा, आणि आतून उजेड निघाला आणि गोल फिरला. मी पुन्हा फिरवला, पुन्हा फिरला. तोच रुपया, तीच चांदी, तेच वर्ष, आणि दोन बाजूंत जमीन-अस्मानाचा फरक.

किती वेळ उभी होते कोणास ठाऊक, दूध उतू गेलं. मग घासलेल्या बाजूवर भिंग धरलं तर बारीक बारीक रेघा, गोल गोल फिरलेल्या. अंगठा तसाच फिरतो. माझे सासूबाईंचे रुपये काढले, त्यांवरही त्याच रेघा, थरावर थर. म्हणजे मी दर दिवाळीला त्यांच्यावर सही करत होते.

संध्याकाळी आरोहीला सांगितलं, तुझ्या कामचुकारपणाचा पहिल्यांदा उपयोग झाला. ती हसली. म्हटलं, हसतेस काय, खरंच सांगते.

३० नोव्हेंबर, रविवार

माहेरी नामपूरला जाऊन आले. पुंजा, माझा भाऊ, त्याला आधीच फोन केला होता की आळीतल्या बायकांना पूजेतले रुपये घेऊन यायला सांग. ओसरीवर रांग लागली. पुंजा डोक्याला हात लावून म्हणाला, "ताई, हाई काय करी ऱ्हायनी तू? समदं गाव हसी ऱ्हायनं." हसू दे म्हटलं.

एकही न धुतलेला रुपया निघाला नाही. पण मला तेच पाहिजे होतं. प्रत्येकीला विचारत गेले, कशाने घासलंस? चुलीची राख, लिंबू, चिंच, एकीने तर टूथपेस्ट. राखेने खरबरीत होतं, लिंबाने पांढरं पडतं, टूथपेस्टने गुळगुळीत आणि आंधळं. चिंचेची चकाकी आधी पिवळसर, मग मऊ. पुरुषांनी पुसलेली दोन नाणी होती, धोतराने आडवी पुसलेली, रेघा सरळ. बायकांच्या सगळ्या गोल. दुपारपर्यंत मी न विचारता सांगायला लागले. कुसाबाई म्हातारी म्हणाली, "हिला कसं कळलं मी राखेनं घासते ते? हिच्या अंगात येतं का काय?"

परतीच्या एसटीत मला फार बरं वाटलं. शेवटचं इतकं बरं शाळेचा निकाल शंभर टक्के लागला तेव्हा वाटलं होतं.

६ जानेवारी, मंगळवार

ललितने जुन्या परीक्षेची हकीकत सांगितली. दर वर्षी नऊ नाणी बदलतात, सात नंबर कधीच नाही. तो अण्णांचा स्वतःचा १९०१ चा राणीछाप रुपया. मंडळातलं सगळ्यात सुंदर नाणं. "तो यूएनसीच. डोळे मिटून लिहून टाकायचं, बाई."

"मग पूर्ण मार्क किती जणांना मिळाले?"

"कोणालाच नाही. एक तरी जातोच. कुठे गेला ते अण्णा सांगत नाहीत."

कसला परीक्षक हा. मी मुलांना चूक लाल शाईने दाखवायची.

१७ जानेवारी, शनिवार

उद्या परीक्षा. जेवण गेलं नाही. हरले तर ललित पुन्हा तेच म्हणेल, येईल हळूहळू. आरोहीने तिचा रुपया माझ्या पर्समध्ये टाकला, "शकुन म्हणून." मी अशा गोष्टी मानत नाही. काढून मात्र ठेवला नाही.

१८ जानेवारी, रविवार

रात्र बरीच झालीय, पण आजच लिहिणार.

हॉल भरलेला. दहा नाणी, दहा दिवे. पहिली सहा सरळ गेली. सातव्यापाशी आले. अण्णांचा रुपया. खरंच सुंदर, राणीचा एकेक केस मोजून घ्यावा. वर सोनेरी-करडी छटा. मी पेन टेकवलं यूएनसी लिहायला, आणि सवयीने एकदा तिरका केला.

उजेड फिरला नाही.

पुन्हा केला. बसून राहिला. भिंग लावलं. छटेच्या खाली, राणीच्या गालावर, गोल गोल, अगदी फिकट रेघा.

उत्तरं अण्णांची, नाणं अण्णांचं. ते स्वतःच्या लाडक्या नाण्याला धुतलेलं म्हणतील? खुर्ची हवी तर तीन अक्षरं लिहायची आणि पुढे जायचं. बाकी सगळ्यांनी तेच लिहिलं असणार. मी पर्समधला आरोहीचा रुपया चाचपला. मग वाटलं, वत्सला, तू पस्तीस वर्षं कोणाच्या पोराला त्याच्या बापाकडे बघून मार्क दिले नाहीस. लिहिलं, 'धुतलेलं. श्रेणी नाही.' आणि पेन इतकं दाबलं की कागद फाटता फाटता राहिला.

अर्ध्या तासाने अण्णा कागदांचा गठ्ठा घेऊन पुढे आले. एक कागद बाजूला काढलेला.

"सात नंबरला धुतलेलं कोणी लिहिलंय?"

कोणीतरी फिसकन हसलं.

"मी."

"उभ्या राहा, बाई."

मला कोणी उभं राहा म्हणून शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच सांगत होतं. राहिले. मागून कोणी कुजबुजलं, "अहो, अण्णांचा रुपया आहे तो, बसा." ललित खाली मान घालून बसला होता.

मी म्हटलं, "असू दे अण्णांचा. देवाचा असता तरी हेच लिहिलं असतं. राणीच्या गालावर अंगठा गोल फिरलाय. पुरुष फडक्याने सरळ पुसतो. हा बाईचा अंगठा आहे. चिंच आणि मीठ. एकदाच धुतलंय, तेही फार पूर्वी, म्हणून वर पुन्हा छटा चढली आणि तुम्हा लोकांना दिसलं नाही. घाईत नाही धुतलेलं. अक्षरांच्या फटीसुद्धा साफ केल्यात. ज्या कोणी केलं तिला वाटलं असेल, छान करून ठेवावं."

अण्णा रुपया तळहातावर घेऊन नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "चिंच बरोबर. मीठ नव्हतं."

आता मीठ नव्हतं हे यांना कसं कळलं, देव जाणे. नाण्यावर तर मला खूण दिसली नाही. अनुभवी माणूस आहे, हे मान्य केलं पाहिजे. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, इतक्या दिव्यांचा त्रास होतच असणार.

"दहापैकी दहा," ते म्हणाले. "मंडळात पहिल्यांदा."

आधी टाळी वाजवली ललितने. मग सगळा हॉल. मी पुढे गेले, परीक्षकाचं मोठं भिंग अण्णांनी माझ्या हातात दिलं, आणि मला जोरात हसू आलं. बासष्ट वर्षांची बाई, हातात भिंग, आणि शाळकरी पोरीसारखी खिदळतेय. हसले, पोटभर हसले.

चहाच्या वेळी ललित म्हणाला, "बाई, काकू गेल्या त्या सालापासून अण्णा हाच रुपया ठेवतात. आम्ही सगळे डोळे मिटून यूएनसी लिहीत आलो. त्यांच्या मानाचं नाणं म्हणून."

म्हणजे म्हातारा इतकी वर्षं सापळा लावून बसला होता. इतका खडूसपणा मीसुद्धा कधी केला नाही. त्या काकूंनी अशा माणसाबरोबर संसार कसा केला असेल? पण सापळा मी तोडला. मी, वत्सला, 'श्रेणी नाही'वाली.

घरी आले तर संतोष आणि आरोहीने पेढे आणून ठेवले होते. निकाल कळायच्या आधीच आणले होते. मी विचारलं, हरले असते तर? आरोही म्हणाली, "तर दुःखाचे म्हणून खाल्ले असते." तिचा रुपया तिला परत दिला आणि सांगितलं, याची दुसरी बाजू पुढच्या दिवाळीला घासायची नाही, कोणीही सांगितलं तरी. ती म्हणाली, "बरं, आई." कोण सांगणार होतं ते मात्र तिने बोलून दाखवलं नाही. पोरगी वाटते तितकी वाईट नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

आज खुर्चीत बसले. गुळगुळीत लाकडी खुर्ची आहे, एक पाय थोडा आखूड. खाली पुठ्ठा घातला.

सभा सुरू व्हायच्या आधी अण्णांनी तो १९०१ चा रुपया माझ्यापुढे ठेवला. "याची चिठ्ठी आजवर लिहिली नाही. तुम्ही लिहा."

लिहिली. 'धुतलेलं. श्रेणी नाही.' पण जन्माची सवय, नुसता निकाल लिहून हात थांबत नाही. खाली शेराही लिहिला. 'घासणारीने जीव लावून घासलं आहे.'

अण्णांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मी म्हटलं, काही चुकलंय का? त्यांनी मान हलवली आणि चिठ्ठी घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. मी नियम सांगितला की चिठ्ठी नाण्याबरोबर राहिली पाहिजे. तर त्यांनी रुपयाही त्याच खिशात टाकला आणि वरून हात ठेवला.

"पुढच्या वर्षी सात नंबरला दुसरं काहीतरी ठेवा, बाई. याचं काम झालं."

सापळा उघडा पडला म्हटल्यावर काम होणारच. मी म्हटलं, ठेवते, याहून अवघड ठेवते. ते खूश दिसले. हरल्यावर इतकं खूश झालेलं माणूस मी पाहिलं नाही.

तेवढ्यात दारातून एक बाई आली. चाळिशीची, हातात रेशमी पिशवी, चेहऱ्यावर असा आनंद की आता सगळ्यांना दाखवते. तिने पिशवी माझ्यापुढे ओतली. रुपये लखलखीत. एकेकात तोंड पाहून घ्यावं असे.

ललितने माझ्याकडे पाहिलं. अण्णांनीही पाहिलं, खिशावरचा हात तसाच. मी भिंग उचललं, एक रुपया कडेने धरला, दिव्याखाली तिरका केला. गालावर गोल रेघा. छान, एकसारख्या.

मी विचारलं, "कोणत्या बोटाने घासता?"

बाईने अभिमानाने अंगठा पुढे केला. मी तिला शेजारची खुर्ची ओढून दिली.